दुसऱ्या शाखेतली किल्ली

आपल्या ग्रुपवर लोंढा म्हटलं की स्टेशन, पाऊस आणि दूधसागरकडे जाणारी गाडी या आठवणी येतातच. मीही त्यात भर घातली आहे. आज मात्र नखाएवढ्या एका चिपबद्दल लिहितोय. जरा लांबलंय, सवडीनं वाचा. मी कॉमर्सचा माणूस, उभी नोकरी बँकेत झाली. "तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्समधलं काय कळतंय?" असं कोणी विचारलं तर त्याचं बरोबरच आहे. पण हा विषय मुळात कुलूप-किल्लीचा आहे, आणि स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली.

आमच्या भागात, म्हणजे गुंजी, नागरगाळी, तिनईघाट, रामनगर या पट्ट्यात शेत आणि जंगल यांच्यात फारसं अंतर नाही. भात पोटरीला आलं की गवे येतात, रानडुकरं येतात, अधूनमधून हत्तीही येतात. पूर्वी माळ्यावर बसून डबे वाजवायचे, आता तारेचं कुंपण आणि झटका मशीन. सोलर पॅनेल, एक बॅटरी आणि एक पेटी. पेटीतून तारेत दर सेकंदाला एक झटका जातो. व्होल्टेज हजारांत असतं, पण झटका सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरताच टिकतो, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी दोन मर्यादा आहेत. एका झटक्यातली ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जायची नाही आणि सेकंदाला एकाहून जास्त झटके द्यायचे नाहीत. मधली विश्रांती फार महत्त्वाची. तेवढ्यात जनावर मागे सरतं, चुकून हात लागलेला माणूस हात काढून घेतो. काही लोक घरची लाईट थेट तारेत सोडतात. तिला विश्रांती नसते, म्हणून तिनं माणसं आणि जनावरं दोन्ही मरतात.

आमच्या शेजारचा एक मुलगा बेळगावला डिप्लोमा करून उद्यमबागेत एका कारखान्यात लागला आणि २०१२ साली त्यानं स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. झटका मशीन बनवायची. कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट मी करून दिला आणि निवृत्तीनंतर त्याचे हिशेबही बघू लागलो. मला काका म्हणतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलेलं त्याला आवडणार नाही.

पेटीत ट्रान्सफॉर्मर असतो, कपॅसिटर असतो, हे सगळं बाजारात मिळतं. पेटीचा मेंदू म्हणजे वीस पायांची एक चिप. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिच्यात प्रोग्रॅम भरलेला असतो, तो फर्मवेअर. त्याच्या पहिल्या मशीनमधल्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी एकूण जागा २ किलोबाइट. दोन हजार अक्षरं समजा, आंतरदेशीय पत्रावर दाटीवाटीनं मावतील एवढी. झटका कधी द्यायचा, बॅटरी उतरली तर काय करायचं, तार तुटली तर भोंगा कसा वाजवायचा, गवत ओलं होऊन तारेला टेकलं आणि झटका जमिनीत झिरपू लागला तर ते कसं ओळखायचं, हे सगळं तेवढ्यात.

हे लिहायला त्याला तीन पावसाळे लागले. आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढ-श्रावणात आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. पॅनेल असून नसल्यासारखं, बॅटरी हळूहळू उतरत जाते. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की अशी चिप पूर्ण बंद पडत नाही, ती भरकटते. तापात माणूस बरळतो तशी प्रोग्रॅममधली भलतीच ओळ धरते आणि एका सेकंदात एक झटका द्यायचा तिथं पटापट देत सुटते. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या स्वतःच्या शेतात हे घडलं. मग रात्री रेनकोट घालून, बॅटरी उतरवून, मीटर लावून तो बसायचा. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की चिपनं आधी झटका बंद करायचा आणि मग स्वतः थांबायचं, एवढं साधं काम. पण ते प्रत्येक वेळी बिनचूक होईल याची खात्री व्हायला दोन श्रावण गेले.

आता बँकवाल्याच्या नजरेनं बघा. त्याचा ताळेबंद मीच करायचो. सोल्डरिंग स्टेशन, ड्रिल मशीन, कच्चा माल, उधारी, सगळं मालमत्तेच्या बाजूला दिसायचं. बँकेनं कर्ज दिलं तेही याच तारणावर. त्या दोन हजार अक्षरांची किंमत ताळेबंदात शून्य. वर्कशॉप जळालं असतं तर सहा महिन्यांत पुन्हा उभं राहिलं असतं. ती अक्षरं गेली असती तर धंदाच गेला असता.

बेळगावला नक्कल नवीन नाही. इथं फाउंड्र्या पुष्कळ. एखाद्याचा पंपाचा कास्टिंग बाजारातून विकत आणायचा आणि त्यालाच पॅटर्न समजून वाळूत साचा काढायचा, हे पूर्वापार चालत आलंय. पण तिथं लोखंड स्वतःच थोडी राखण करतं. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आक्रसतं. म्हणून नकलेवरून काढलेली नक्कल मापात कमी भरते. मूळ पॅटर्नवाला आक्रसण्याची जागा आधीच सोडून ठेवतो. नकल करणाऱ्याला निदान तेवढं तरी समजावं लागतं. प्रोग्रॅमचं तसं नाही. नक्कल मुळाइतकीच शंभर टक्के येते, आणि करणाऱ्याला त्यातलं एक अक्षर कळायची गरज नसते.

म्हणून अशा चिपमध्ये कुलूप दिलेलं असतं. त्याला लॉक बिट म्हणतात. प्रोग्रॅम भरून झाला की तो बिट लावायचा. मग चिप काम करते, पण "तुझ्यात काय आहे ते दाखव" म्हटलं तर दाखवत नाही. कुलूप काढायचं तर आधी सगळा प्रोग्रॅम पुसला जातो. तिजोरी उघडायला गेलात तर आतल्या नोटा जळाव्यात, अशी ही योजना. त्यानं हा बिट लावला होता. वर चिपच्या पाठीवर छापलेला नंबर पॉलिश पेपरनं घासून काढायचा, म्हणजे कुठली चिप ते कळू नये.

२०१७ च्या मे महिन्यात तो संध्याकाळी आमच्याकडे आला. हातात एक पेटी. रंग वेगळा, नाव वेगळं, किंमत याच्या मशीनपेक्षा हजार-बाराशेनं कमी. खानापूरच्या एका दुकानातून विकत आणलेली.

"काका, बघा की. आमचीच मशीन हाय ही. पण आमची नव्हे."

मी म्हटलं, "सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात रे. तुझीच कशावरून?"

त्यानं टेस्टचं बटण दाबून धरलं. दहा सेकंद झाली. लाल दिवा आधी पाच वेळा लुकलुकला, थांबला, मग आठ वेळा. मला काही कळेना.

"आईचं जन्मसाल," तो म्हणाला. "अठ्ठावन्न. मशीनला ह्याचा काही उपयोग नाही. मी उगीच घालून ठेवलेलं. कुणाला सांगितलंही नव्हतं."

मला खरं तर कौतुक वाटलं. बँकेत खोटी सही ओळखायला शिकवतात तेव्हा सुंदर वळणं बघायला सांगत नाहीत. सही करणाऱ्याची जी निरर्थक सवय असते, शेवटचा टिंब, मध्येच उचललेला हात, ती बघायला सांगतात. इथं नकल करणाऱ्यानं चोरलेल्या मालासकट मालकाच्या आईचं जन्मसालही उचललं होतं.

कुलूप लावलेलं असताना प्रोग्रॅम बाहेर गेला कसा? तेव्हा त्यानं मला समजावलं आणि मग मीही थोडं वाचलं. चिप पाठवली की आतला प्रोग्रॅम काढून देणारे लोक पैसे घेऊन हे काम करतात. चिपचं वरचं प्लॅस्टिक आम्लानं विरघळवायचं, आतली सिलिकॉनची चकती उघडी करायची आणि लॉक बिट जिथं आहे तिथं सूक्ष्मदर्शकाखाली घाव घालायचा. केंब्रिज विद्यापीठातल्या सर्गेई स्कोरोबोगातोव्ह आणि रॉस अँडरसन यांनी २००२ साली दाखवून दिलं, की त्यासाठी महागडं लेसरयंत्रही लागत नाही. त्यांनी कॅमेऱ्याच्या दुकानातून ३० डॉलरला जुना फ्लॅश आणला, सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि नेमक्या ठिकाणी प्रकाश पाडून चिपच्या स्मरणातला बिट उलटा करून दाखवला. लग्नात फोटोग्राफर ज्यानं आपले डोळे दिपवतो, तोच फ्लॅश.

हे ऐकून मला धक्का बसला नाही, कारण तिजोऱ्यांचंही असंच असतं. न फुटणारी तिजोरी कोणी विकत नाही. अमेरिकेत तिजोरीवर टीएल-१५ अशी खूण असते. म्हणजे जाणत्या माणसानं हत्यारं घेऊन काम केलं तर ती निव्वळ पंधरा मिनिटं टिकेल. बाकीचं काम अलार्मनं, पहारेकऱ्यानं आणि आत किती रोकड ठेवायची या नियमानं करायचं असतं. कुलूप चोराला वेळ आणि खर्च लावतं. तो खर्च आतल्या मालापेक्षा जास्त झाला की चोर दुसरीकडे जातो. पहिल्या चिपचं कुलूप फोडायचा खर्च या मशीनच्या धंद्यापेक्षा कमी होता, हा सगळ्याचा सारांश.

आता कायद्याचं, कारण असे धंदे करणारी मुलं आपल्या बऱ्याच घरांत आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीच्याच वर्गात धरलेला आहे. म्हणजे कादंबरीला जो हक्क, तोच या दोन हजार अक्षरांना. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्याक्षणी तयार होतो, पण नोंदणी असली तर पुराव्याला बरी. नकल करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. आणि कलम ६२ प्रमाणे दावा आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्यात लावता येतो, चोराच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. वकिलाची नोटीस गेली, सोबत दिवा लुकलुकतानाचा व्हिडिओ. समोरच्यानं फार ताणलं नाही. विक्री बंद करतो असं लिहून दिलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

पण विकून झालेल्या मशीन शेतात होत्याच. आणि आता मूळ मुद्दा. नकल झाली होती ती पहिल्या वर्षीच्या मशीनची. म्हणजे श्रावणात भरकटणाऱ्या प्रोग्रॅमची. आपल्या ग्राहकांच्या मशीनमध्ये त्यानं नवीन चिपा फुकट बदलून दिल्या होत्या. नकलेतला दोष कोण दुरुस्त करणार? विकणाऱ्याला प्रोग्रॅम वाचता येत नव्हता. त्याच्याकडे अक्षरं होती, अर्थ नव्हता.

त्या वर्षी श्रावणात आमच्याच बाजूच्या एका वाडीत एक गृहस्थ सकाळी गवत कापायला गेले आणि त्यांचा हात तारेला लागला. सात-आठ दिवस ऊन नव्हतं. मशीन पटापट झटके देत होती, हात सुटेना. मुलानं धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली म्हणून वाचले. दोन दिवस दवाखान्यात होते, हाताला मुंग्या महिनाभर राहिल्या. पेटी नकलेतली होती.

दुसऱ्या दिवशी हा मुलगा पन्नास चिपा पिशवीत घालून मोटरसायकलवर निघाला. खानापूरच्या दुकानदारानं यादी दिली. वाडी वाडी फिरून त्यानं नकली मशीनमधल्या चिपा काढून आपल्या नव्या चिपा बसवल्या. चिपेची किंमत तेवढी घेतली, काहींनी तीही दिली नाही.

मी हिशेब लिहिताना म्हटलं, "अरे, चोराचा माल तू तुझ्या खर्चानं दुरुस्त करायलास."

"मशीन त्याची असू दे की काका," तो म्हणाला. "हात लावणारा माणूस आमच्या गावचाच हाय."

मी तो खर्च जाहिरात खात्यात टाकला. दुसरं खातं सापडलं नाही.

पुढच्या वर्षी त्यानं चिपच बदलली. ही नवी पद्धत समजायला मला एटीएम कार्ड उपयोगी पडलं, तुम्हालाही पडेल. पूर्वी कार्डाच्या पाठीवर काळी मॅग्नेटिक पट्टी असायची. पट्टीवर लिहिलेलं कोणत्याही वाचकाला वाचता येतं, म्हणून ते दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवताही येतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. कोल्हापुरातूनही काढले गेले. एकूण ९४ कोटींचं प्रकरण. तिथं बँकेच्या यंत्रणेतही शिरकाव झालेला होता, नुसत्या कार्डानं ते झालं नाही, पण बनावट कार्डाशिवायही झालं नसतं. रिझर्व्ह बँकेनं त्याआधीच ठरवून दिलं होतं, की ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत पट्टीवाली कार्डं बदलून चिपवाली द्यायची.

चिपवालं कार्ड वेगळं कसं? त्यातली गुप्त किल्ली कार्डाबाहेर कधीच येत नाही. व्यवहार करताना यंत्र कार्डाला दर वेळी नवा आकडा देतं. कार्ड आतल्या आत किल्ली वापरून त्या आकड्याचं उत्तर काढतं आणि फक्त उत्तर बाहेर देतं. उत्तर बरोबर आलं म्हणजे किल्ली आहे, एवढंच बँकेला कळतं. मध्ये कोणी ऐकत बसला तरी त्याला आजचं उत्तर मिळतं, ते उद्या चालत नाही.

लोंढ्याच्या रेल्वेवाल्या घरांना याची आणखी जवळची ओळख पटेल. माझे वडील रेल्वेत होते. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकनचा गोळा दिल्याशिवाय गाडी पुढच्या सेक्शनमध्ये जायची नाही. तो गोळा इथल्या यंत्रातून निघायला पलीकडच्या स्टेशनमास्तरनं तिकडून संमती द्यावी लागे. आणि एका सेक्शनचा गोळा शेजारच्या सेक्शनच्या यंत्रात बसत नसे, त्याची ठेवणच निराळी. एकट्या माणसाच्या हातात सगळा अधिकार नाही आणि एका जागेची खूण दुसऱ्या जागी चालत नाही, या दोन गोष्टींवर एवढी रेल्वे चालली. बँकेतली जॉइंट कस्टडी म्हणजे हेच. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे.

त्यानं नव्या मशीनमध्ये तेच केलं. नवीन चिपेच्या प्रत्येक नगावर कारखान्यातूनच वेगळा क्रमांक कोरलेला येतो, तो बदलता येत नाही. चिप भरताना तो त्या क्रमांकावरून स्वतःच्या गुप्त किल्लीनं एक सही तयार करतो आणि तीही आत ठेवतो. मशीन सुरू झाली की प्रोग्रॅम आधी क्रमांक आणि सही जुळते का ते बघतो. एका नगातला प्रोग्रॅम जसाच्या तसा दुसऱ्यात भरला तर क्रमांक जुळत नाही आणि मशीन झटकाच देत नाही. अर्धवट चालून कोणाचा जीव घेत नाही. शिवाय या चिपेचं कुलूप तीन पायऱ्यांचं आहे आणि शेवटची पायरी लावली की ती परत कधीच काढता येत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. दुकानात नवा प्रोग्रॅम पाठवायचा तर तो कुलूपबंद लिपीत जातो आणि मशीनच्या आतच उलगडतो. हेही कोणी फोडू शकेल. पण खर्च आता मशीनच्या धंद्यापेक्षा जास्त आहे. झालं तर.

इथवर आनंदीआनंद होता. २०२१ ची दुसरी लाट आली.

बेळगाव-चंदगड भागात काजूचे कारखाने पुष्कळ. त्यांतल्या काहींना ड्रायरचे कंट्रोलर बनवून देणारे एक गृहस्थ होते. किती तापमानाला किती वेळ गर वाळवायचा, हे ओल बघून ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनी वर्षानुवर्षं माणसांबरोबर बसून जुळवला होता. कुलूप पक्कं लावलेलं. नकल झाली नाही, कोणाला जमलीच नाही. त्या मे महिन्यात ते गेले. वय पन्नाशीच्या आत.

त्यांच्या पत्नी आमच्या या मुलाकडे आल्या होत्या, मी तिथंच बसलो होतो. बरोबर त्यांचा लॅपटॉप. पासवर्ड माहीत नाही. मूळ प्रोग्रॅम त्यात होता की आणखी कुठं, तेही माहीत नाही. एकेका कारखान्यातला कंट्रोलर बिघडायला लागला होता, फोन येत होते. "हे म्हणायचे, कोणाला काही सांगायचं नाही, धंदा जाईल," त्या म्हणाल्या. "मला तरी सांगायचं होतं."

मुलानं महिनाभर खटपट केली. चिप कुलूपबंद. ज्या लोकांना पैसे देऊन चोर चिपा उघडून घेतात, त्यांच्याकडे जायची वेळ एका विधवेवर, स्वतःच्या नवऱ्याच्या कामासाठी आली. शेवटी तिथंही काम झालं नाही. कारखान्यांनी बाहेरचे कंट्रोलर घेतले. त्या माणसाचं वीस वर्षांचं ज्ञान अजूनही चिपांमध्ये आहे. तिथंच राहणार.

मला तेव्हा बँकेतली एक साधी पद्धत आठवली, जिचं महत्त्व नोकरीत असताना कोणी बोलून दाखवत नाही. स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचा दुसरा जोड शाखेत कधीच ठेवत नाहीत. तो लखोट्यात घालून, लाखेनं सील करून, दोघांच्या सह्या करून दुसऱ्या शाखेत ठेवतात. पावती घेतात, रजिस्टरला नोंद होते. ठरावीक काळानं तो जोड परत आणून वापरात काढतात आणि वापरातला जोड तिकडे ठेवतात, म्हणजे दोन्ही चालतात याची खात्री होते. ज्या शाखेत तो लखोटा असतो, तिला तो उघडायचा अधिकार नसतो. चोरापासून वाचवायला पहिली किल्ली असते. मॅनेजर अचानक गेला, इमारत जळाली, किल्ली नदीत पडली, यासाठी दुसरी. कुलूप जितकं भक्कम, तितकी दुसऱ्या किल्लीची गरज मोठी. कच्चं कुलूप लोहार तरी उघडतो.

मी त्याला म्हटलं, "तू चोराचा बंदोबस्त केलास. आता तुझ्या नसण्याचा कर."

तो जरा गप्प बसला. तिशीतल्या मुलाला असं बोलणं सोपं नाही. पण त्या बाईंना त्यानंही बघितलं होतं.

आम्ही केलं ते असं. मूळ प्रोग्रॅम, वाचणाऱ्याला समजेल अशा टिपांसकट, सह्या तयार करायची गुप्त किल्ली, सर्किटचा नकाशा आणि माल कुठून घ्यायचा त्याची यादी. दोन पेन ड्राइव्हवर, आणि कागदावरही छापून, कारण पेन ड्राइव्ह वीस वर्षं टिकेल याची हमी कोण देणार. दोन लखोटे. लाख बेळगावच्या बाजारात अजून मिळते, ती आणली. एक लखोटा त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या जॉइंट लॉकरमध्ये. प्रोग्रॅमची फाईल आणि ती उघडायचा पासवर्ड एकाच लखोट्यात नाहीत, पासवर्ड दुसऱ्या लखोट्यात, आणि तो दुसऱ्या गावात एका नातेवाइकाकडे. दोघांपैकी एकट्याला काही करता येत नाही. सोबत एक साधं पत्र: वर्कशॉप सलग सहा महिने बंद राहिलं तर हे दोन्ही उघडून कोणाकडे द्यायचं आणि शेतात असलेल्या मशीन कशा चालू ठेवायच्या. दर दिवाळीच्या सुट्टीत लखोटे फोडून, नवीन प्रोग्रॅम घालून, एक चिप त्यावरून भरून, ती चालते हे बघून पुन्हा सील करायचे. मोठ्या कंपन्या हेच एस्क्रो या नावानं करतात, पैसे देऊन तिसऱ्या संस्थेकडे ठेवतात. आम्ही लाखेवर भागवलं.

पत्नीला सगळं समजावून सांगायला तो आधी तयार नव्हता. "तिला ह्यातलं काही कळत नाही काका." मी म्हटलं, कळायची गरज नाही. कुठं आहे आणि कोणाला बोलवायचं, एवढं माहीत असलं की पुरे. आता दिवाळीत चिप भरून दिवा लुकलुकतो का बघायचं काम तीच करते. बटण दहा सेकंद धरायचं, आधी पाच, मग आठ.

हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच. आपल्या घराघरांत आता अशी मुलं-मुली आहेत. कोणी पंपाचा स्टार्टर बनवतो, कोणी दूध मोजायचं यंत्र, कोणी पिठाच्या गिरणीचा कंट्रोलर. पुण्यात, हुबळीत, परदेशातही. आपण घरातले मोठे त्यांना विचारतो, धंदा कसा चाललाय, ऑर्डर आहेत का, कर्ज फिटलं का. आणखी दोन प्रश्न विचारा. तुझ्या चिपेला कुलूप आहे का, आणि त्याची दुसरी किल्ली कुठं आहे?

पहिल्याचं उत्तर तो अभिमानानं देईल. दुसऱ्यावर गप्प बसला, तर त्याला एक लखोटा आणून द्या.